शौर्य, मुर्वत आणि स्त्रीदाक्षिण्य : शूराच्या मर्यादांविषयीच्या चर्चेचा आढावा

ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने ते कधी उगारावे आणि कधी म्यान करावे? शरण आलेल्याशी, निःशस्त्राशी, शत्रूच्या घरातल्या बायकामुलांशी त्याने कसे वागावे? जवळपास प्रत्येक समाजाने यासाठी काही नियम केले. इंग्रजीत त्या सगळ्यांना मिळून ‘शिव्हलरी’ हा एक शब्द आहे. मराठीत तोच आशय शौर्य, मर्दुमकी, मुर्वत, क्षात्रधर्म, स्त्रीदाक्षिण्य अशा अनेक शब्दांत वाटला गेला आहे. यातले काही शब्द संस्कृतातून आले, काही फारसीतून. प्रत्येकाचा अर्थ काळाप्रमाणे बदलला आणि आज तर या मूल्याची गरजच काय, असे विचारणारा एक गंभीर विचारप्रवाह आहे.

हा आढावा धाराशिव जिल्ह्याला मध्यभागी ठेवून घेतला आहे. यादव, बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि आसफजाही अशा सत्ता या मुलखाने पाहिल्या. तुळजापूरची भवानी इथली, नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले इथले, आणि शस्त्रधाऱ्याच्या संयमाची विसाव्या शतकातली एक अत्यंत कठोर परीक्षाही १९४८ साली याच गावांत झाली.

युरोपातली वाट

‘शिव्हलरी’चे मूळ घोड्याच्या फ्रेंच शब्दात आहे. मध्ययुगात तो आधी घोडेस्वार योद्ध्यांचा वर्ग दाखवत असे, मग त्या वर्गाची आचारसंहिता दाखवू लागला. चर्चने त्यात धर्मरक्षण आणले, तर दरबारी काव्याने उच्चकुलीन स्त्रीची सेवा आणली. ही संहिता सरदारांनी सरदारांसाठी केलेली होती आणि शेतकऱ्याच्या बायकोला तिचे संरक्षण फारसे मिळत नव्हते, याकडे इतिहासकार वारंवार लक्ष वेधतात. एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’सारख्या कादंबऱ्यांनी ही कल्पना पुन्हा जागी केली. स्त्रीला आधी वाट देणारा, दार उघडून धरणारा सद्गृहस्थ हा त्या पुनरुज्जीवनाचा वारस. १९१२ साली टायटॅनिक बुडाले तेव्हा ‘आधी बायका-मुले’ हा नियम पाळला गेल्याने तो दंतकथेसारखा पसरला. मात्र स्वीडनच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली १८ जहाज दुर्घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा एकूण चित्र उलटे निघाले. बायका पुरुषांपेक्षा कमी प्रमाणात वाचल्या होत्या. टायटॅनिक हा अपवाद होता.

वीर आणि दक्षिण

आपल्याकडच्या परंपरेत वीर म्हणजे केवळ लढणारा नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात दानवीर, धर्मवीर आणि युद्धवीर असे तीन प्रकार येतात, पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी त्यात दयावीराची भर घातली. म्हणजे चारांतल्या तिघांना तलवारीची गरज नाही. ‘क्षत्र’ या शब्दाची व्युत्पत्ती कालिदासाने रघुवंशात ‘इजेपासून वाचवणारा’ अशी लावली, आणि क्षात्रधर्मावर बोलणारे आजही तिचाच आधार घेतात.

‘दाक्षिण्य’ शब्दाचा प्रवास अधिक विचार करायला लावणारा आहे. धनंजयाच्या दशरूपकात नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत : दक्षिण, शठ, धृष्ट आणि अनुकूल. त्यांतला दक्षिण नायक म्हणजे नव्या प्रेयसीत गुंतूनही पहिलीशी सौजन्याने वागणारा पुरुष. दाक्षिण्याचा स्त्रीशी संबंध इथे आहे, पण त्यात रक्षण नाही. आहे ती अनेक स्त्रियांच्या संसारात मन राखण्याची हातोटी. तिथून हा शब्द सर्वसाधारण सौजन्याकडे आला, आणि आधुनिक मराठीत ‘स्त्री’ हे पद जोडून तो एसटीत जागा देण्यापासून भांडणात बाईमाणसावर हात न उचलण्यापर्यंतच्या वागणुकीला लागू झाला. ‘स्त्रीदाक्षिण्य’ म्हटले की आपल्याला ती प्राचीन संस्कृतीची देणगी वाटते. आजचा तिचा अर्थ मात्र जुन्या शास्त्रात तसाच्या तसा सापडत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.

ग्रंथांबाहेरचा पुरावा दगडांत आहे. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या सगळ्या पट्ट्यात जुन्या देवळांच्या आवारात आणि वेशीजवळ वीरगळ उभे दिसतात. खालच्या कप्प्यात लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची रचना असते. पुष्कळ वीरगळांवर खाली गाईंची रांग कोरलेली असते. तो माणूस गावची जनावरे पळवणाऱ्यांशी लढताना पडला, असा त्याचा अर्थ. एस. सेत्तर आणि गुंथर सोन्थायमर यांनी १९८२ साली संपादित केलेल्या स्मृतिशिलांवरील ग्रंथामुळे या अभ्यासाला पद्धत मिळाली. गोधनासाठी मेलेला हा वीर बहुधा राजा किंवा सरदार नसे, तो गावचाच कोणी असे. माझ्या मते युरोपीय सरदारी संहितेपासून आपली परंपरा सर्वांत स्पष्टपणे वेगळी होते ती इथे.

फारसीची देणगी

दख्खनच्या सुलतानशाह्यांबरोबर शौर्याची आणखी एक शब्दसंपदा इथे रुजली. ‘जवांमर्दी’ हा फारसीत केवळ धाडसाचा शब्द नव्हे. औदार्य, दिलेला शब्द पाळणे, पाहुण्याला आसरा देणे, दुबळ्यावर वार न करणे, हे सगळे त्यात येते. सूफींनी त्याला आध्यात्मिक साधनेचे रूप दिले आणि हजरत अलींना त्याचा आदर्श मानले. ‘मुर्वत’चे मूळ अरबीत आहे. माणसाने माणसासारखे, पुरुषाने पुरुषासारखे सन्मानाने वागणे असा तो अर्थ. मराठीत येताना हे शब्द बारीक झाले. जवांमर्दी आणि मर्दुमकी निव्वळ पराक्रमापुरत्या उरल्या, आणि मुर्वत ‘भीडमुर्वत’ या जोडीत शिरून संकोचाला जवळची झाली. तिचा उपयोगही बहुतेक वेळा ‘न ठेवता’ या नकाराबरोबरच होतो. पराक्रम आणि त्याला घातलेला बांध, हे दोन्ही ज्या शब्दांत एकत्र होते ते शब्द आपण वेगळे केले. ही हानी मोठी आहे असे मला वाटते, आणि मराठीतल्या चर्चेत तिची दखल फारशी घेतली जात नाही.

धाराशिव शहरातला ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा या मिश्र परंपरेची साक्ष देतो. ‘गाझी’ ही योद्ध्याची पदवी आहे, पण नवस बोलायला येणारे लोक तिथे आसऱ्यासाठी येतात.

तुळजापूर : रक्षण करणारी बाई

भवानीची कथा या विषयाला वेगळेच वळण देते. तुळजामाहात्म्यात सांगितले आहे की कर्दम ऋषींच्या मागे त्यांची पत्नी अनुभूती मंदाकिनीच्या काठी तप करत होती. कुकुर नावाच्या दैत्याने तिला उपद्रव दिला, तिने धावा केला आणि देवी त्वरित धावून आली. म्हणून ती त्वरिता, तुरजा, तुळजा. संकटात स्त्री आहे आणि सोडवणारीही स्त्रीच आहे. यात कोणी राजकुमार नाही. शारदीय नवरात्रातल्या अलंकारपूजांत एक पूजा भवानी तलवारीची असते. देवी छत्रपती शिवाजी महाराजांना तलवार देत आहे, असे ते रूप. म्हणजे पुरुषाचे शौर्यसुद्धा इथे स्त्रीकडून मिळालेले आहे. आणि याच मुलखात राजकीय आंदोलनांत भेकडपणा दाखवून द्यायला बांगड्यांचा आहेर केला जातो. भवानीच्या ओटीत ज्या बांगड्या भक्तीने वाहतात, त्याच तिथे अपमानाची वस्तू होतात. हा विरोध आपण रोज पाहतो, म्हणून तो खुपेनासा झाला आहे.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य ‘शिव्हलरी’ तुळजापुरात थेट आली ती फिलिप मेडोज टेलर यांच्या कादंबरीतून. १८५३च्या तहाने निजामाने हा मुलूख ब्रिटिशांकडे दिला तेव्हा टेलर त्याच्या कारभारावर नेमले गेले आणि नळदुर्गला राहिले. १८६० साली मुलूख निजामाकडे परत गेला. १८६३ साली टेलर यांची ‘तारा’ प्रसिद्ध झाली. तिची नायिका तुळजापूरच्या ब्राह्मण घरातली मुलगी, काळ अफजलखानाच्या स्वारीचा, आणि तिला संकटातून सोडवणारा नायक खानाचा मुलगा फाजल. टेलर यांना इथल्या समाजाविषयी जिव्हाळा होता, त्यांच्या वर्णनांत मुलूख डोळ्यांसमोर उभा राहतो. पण कथेचा सांगाडा स्कॉटच्या घराण्यातला आहे. अनुभूतीच्या कथेत देवी जिथे उभी आहे, तिथे टेलर यांनी तरुण घोडेस्वार आणून बसवला. पुढे १८७८ साली त्यांची चांदबिबीवरची ‘अ नोबल क्वीन’ आली. तिच्यात शस्त्र स्त्रीच्या हाती आहे, एवढा बदल नोंदवायला हवा.

शिवकालाविषयीचे मतभेद

महाराष्ट्रात स्त्रीदाक्षिण्याचा विषय निघाला की कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा निघतेच. १६५७ साली कल्याण घेतल्यावर आबाजी सोनदेवांनी तिला महाराजांपुढे हजर केले आणि महाराजांनी तिला सन्मानाने परत पाठवले, अशी ही कथा. तिच्याविषयी तीन भूमिका आहेत.

पहिली भूमिका कथेला आदर्श मानून शिकवणाऱ्यांची. दुसरी कागद तपासणाऱ्यांची. या प्रसंगाला समकालीन विश्वसनीय आधार मिळत नाही, असे अनेक अभ्यासक म्हणतात. पण तेच अभ्यासक हेही दाखवतात की त्या मागचे धोरण मात्र खरे होते. खाफीखान हा महाराजांना शिव्याशाप देणारा मोगल इतिहासकार. त्यानेही नोंदवले आहे की मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावू नये अशी महाराजांची सक्त आज्ञा होती. लष्कराने रयतेला उपसर्ग देऊ नये म्हणून चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. त्यांच्या मुद्रेचे सर्वांत जुने उपलब्ध पत्र २८ जानेवारी १६४६चे आहे, आणि ते रांझे गावच्या पाटलाला हातपाय तोडण्याची शिक्षा दिल्याविषयीचे आहे. पत्रातला शब्द ‘बदअमल’ असा आहे, त्याचा तपशील पुढच्या लेखनाने भरला. या कागदांचे मोल मला कथेपेक्षा अधिक वाटते. कथेत एका सुंदर स्त्रीपुढे एका थोर पुरुषाचे मन दिसते. कागदांत नियम आहे, आणि तो मोडणाऱ्या आपल्याच माणसाला शिक्षा आहे.

तिसरी भूमिका वि. दा. सावरकरांची. उत्तरायुष्यात लिहिलेल्या ‘सहा सोनेरी पाने’ या ग्रंथात त्यांनी शत्रुस्त्रियांना सन्मानाने परत पाठवण्याच्या या रीतीला ‘सद्गुणविकृती’ म्हटले. शत्रू आपल्या स्त्रियांवर अत्याचार करत असताना एकतर्फी औदार्याने त्याला जरब बसली नाही, असा त्यांचा युक्तिवाद. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज स्त्रीला परत पाठवल्याची कथाही त्यांनी याच मापाने मोजली. टीकाकारांचे उत्तर असे की समोरच्याने पाळला तरच पाळायचा तो करार असतो, धर्म नव्हे, आणि सुडाचे साधन म्हणून स्त्रीच्या देहाकडे पाहिले की दोन्ही बाजूंच्या स्त्रिया युद्धभूमी होतात. याशिवाय १७३९च्या वसईच्या शरणागतीच्या अटींतच पोर्तुगीजांना कुटुंबकबिल्यासह, शस्त्रांसह बाहेर पडण्याची मुभा होती. म्हणजे ते वैयक्तिक औदार्याइतकेच युद्धाचे ठरलेले कलमही होते. या वादात मी टीकाकारांच्या बाजूचा आहे. पण सावरकरांनी विचारलेला प्रश्न, नियम न पाळणाऱ्या शत्रूशी कसे वागावे हा, आजच्या आंतरराष्ट्रीय युद्धकायद्यालाही छळतो, हे मान्य करावे लागते.

हा मान कोणाचा?

शूराच्या धर्मात शूर कोण, हे आधीच ठरलेले असे. एकोणिसाव्या शतकात त्यालाच हात घातला गेला. महात्मा फुल्यांनी ‘क्षत्रिय’ शब्द ‘क्षेत्र’ म्हणजे शेताशी जोडला आणि तो जमीन कसणाऱ्यांचा ठरवला. कालिदासाची व्युत्पत्ती व्याकरणाला जवळची असेल, पण फुल्यांचा हेतू व्याकरणाचा नव्हता. गोपाळ बाबा वलंगकर आणि त्यांच्यानंतरचे अनेक जण अस्पृश्य मानलेल्या जातींच्या लष्करभरतीसाठी अर्जविनंत्या करत राहिले, त्या केवळ नोकरीसाठी नव्हत्या. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापाशी गेले. तिथे आज १ जानेवारीला ‘शौर्य दिन’ म्हणतात. शौर्य हा शब्द तिथे मानाचा समान वाटा मागतो.

ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून दुसरी बाजू उघडली. स्त्रीच्या अब्रूची चिंता वाहणारा पुरुषच तिच्या दुर्दशेला कारणीभूत असतो, हे त्यांनी इतक्या थेटपणे मांडले की पुढे शंभर वर्षांनी आलेल्या स्त्रीवादी मांडणीचे बीज अभ्यासकांना त्यात दिसते.

१९४८ : परीक्षा

निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या रझाकार संघटनेचे नेते कासीम रझवी लातूरला वकिली करत, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या हल्ल्यांमुळे सरहद्दीवरच्या कित्येक गावांतून लोक घरदार सोडून गेले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाची राजवट शरण आली. तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो.

त्या पाठोपाठ जे घडले त्याविषयी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या सदिच्छा मंडळाने केंद्र सरकारला अहवाल दिला. संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार मुसलमान मारले गेले असावेत असा त्यांचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव होते. स्त्रियांच्या अपहरणाच्या नोंदीही त्यात आहेत. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. आकड्यांविषयी मतभेद आहेत. काही लेखक रझाकारांच्या आधीच्या अत्याचारांशिवाय हा भाग सांगणे एकांगी मानतात, तर काहींना आधीच्या अत्याचाराने नंतरच्या निरपराधांच्या हत्येचे समर्थन होत नाही हे ठासून सांगणे आवश्यक वाटते. या दोन म्हणण्यांत मला विरोध दिसत नाही. दोन्ही एकाच वेळी खरी आहेत.

आपल्या विषयासाठी अहवालातला एक भाग अमोल आहे. शेजाऱ्यांना, विशेषतः मुसलमान स्त्री-पुरुषांना, जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंची उदाहरणे मंडळाला भेटली. एकाच धंद्यातल्या लोकांत ही आपुलकी अधिक होती. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी आपल्याच धर्माच्या जमावाला तोंड दिले आणि त्यात प्राणही गमावले. पळवलेल्या स्त्रिया परत मिळवून देण्यात अनेक हिंदूंनी मदत केली. विणकर हे कोणत्याही संहितेप्रमाणे ‘वीर’ नाहीत. त्यांच्याकडे घोडा नव्हता, पदवी नव्हती, क्षत्रियत्वाचा दावा नव्हता. तरी जवांमर्दीचा जुना, पूर्ण अर्थ आणि वीरगळांवरच्या साध्या गावकऱ्याचा आदर्श या विणकरांइतका कोणी पाळला असेल असे मला वाटत नाही. त्यांच्यासाठी स्तंभ नाही, दिन नाही.

आजचे दोन पक्ष

अलीकडची चर्चा मुख्यतः स्त्रीदाक्षिण्याभोवती फिरते. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवले की स्त्रीविषयीचा पूर्वग्रह नेहमी द्वेषाच्या रूपात येत नाही. ‘ती नाजूक आहे, तिला जपले पाहिजे’ या प्रेमळ रूपातही तो येतो, आणि दोन्ही रूपे बहुधा शेजारी-शेजारी नांदतात. आपल्या न्यायालयांनीही हा मुद्दा उचलला. महाराष्ट्राने २००५ साली स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे कारण देऊन डान्स बारवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती घटनाबाह्य ठरवली. त्याआधी २००७च्या अनुज गर्ग खटल्यात न्यायालयाने म्हटले होते की संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीची रोजीरोटी काढून घेता येणार नाही. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. पर्याय नसलेल्या बाईची ‘निवड’ ही खरी निवड नसते, असे ते म्हणत, आणि या म्हणण्यात तथ्य आहे.

दाक्षिण्याची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद व्यवहाराचा आहे. ऊसतोडीहून परतणारी, पाठीवर ओझे आणि कडेवर मूल असलेली बाई एसटीत चढते तेव्हा तिला जागा देणारा तिला दुबळी ठरवत नाही, तो तिचे श्रम ओळखतो. सौजन्य नाहीसे झाले तर त्याची जागा समता घेईलच असे नाही, उद्धटपणाही घेईल. यावर दुसरा पक्ष विचारतो की मग तीच जागा ओझे वाहणाऱ्या म्हाताऱ्याला का नको? गरज हा निकष असेल तर ‘स्त्री’ हे पद गळून पडते. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना एसटीत निम्मे तिकीट आहे, २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १५०० रुपये आहेत. हा हक्क की ओवाळणी? योजनेचे नावच नात्याचे असल्याने हा प्रश्न टळत नाही. बहीण म्हटल्याने जिव्हाळा येतो, आणि भावाची मर्जीही येते.

दरम्यान शस्त्राचे हात बदलत आहेत. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. वीरपत्नी आणि वीरमाता हे शब्द रूढ आहेत, ‘वीरपती’ अजून कानावर येत नाही, पण त्याची वेळ येईल.

अनिर्णित

काही प्रश्न खुले आहेत. वाटून गेलेले अर्थ पुन्हा एका शब्दात आणावेत की ते वेगळेच बरे, याविषयी एकमत नाही. सामर्थ्यवानाचा संयम हे मूल्य स्त्री-पुरुष भेदाशिवाय उभे करता येते, असे मला वाटते. पण गावात ज्या बाईला आज रात्री दारुड्या नवऱ्यापासून आसरा हवा आहे, तिला शेजारच्या ‘भावा’च्या दाराशिवाय दुसरे दार आहे का, हे पाहिल्याशिवाय ते बोलणे अपुरे राहते.

सर्वांत तातडीचे काम १९४८विषयीचे आहे. फाळणीनंतर पंजाबात ‘परत मिळवलेल्या’ स्त्रियांवर ऋतू मेनन, कमला भसीन आणि उर्वशी बुटालिया यांनी काम केले, तेव्हा दिसले की १९४९च्या कायद्याने त्या स्त्रियांना परत जायचे आहे की नाही हे विचारलेच नव्हते. सोडवणाऱ्यांच्या दृष्टीने काम पुण्याचे होते, सोडवलेल्या अनेकींच्या दृष्टीने ती दुसरी ताटातूट होती. धाराशिवच्या गावांत ज्यांना कोणी लपवले, वाचवले किंवा परत आणले, त्यांची स्वतःची साक्ष इतक्या प्रमाणात गोळा झालेली नाही. तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या मुली आज पंचाऐंशीच्या पुढे आहेत. कोणी वाचवले, याबरोबरच वाचवताना आपल्याला काही विचारले होते का, हे त्यांना विचारायला थोडीच वर्षे उरली आहेत.